वहिनीचे पुरीतले पाच दिवस

केतकीचा फोन आला तेव्हा मी फरीदाबादच्या घरी मेथी निवडत बसले होते. सकाळचे अकरा वाजले असतील. "आत्या, आई गेली," एवढंच ती म्हणाली, आणि मग हिंदीत कुणाशी तरी, बहुधा हॉस्पिटलमधल्या माणसाशी, कागदपत्रांचं बोलायला लागली. मी फोन कानाला लावून तशीच बसून राहिले. रडू यायला हवं होतं. ते नंतर आलं, पुष्कळ आलं. पण त्याच्याआधी जे आलं ते लिहिल्याशिवाय मला पुढचं काही लिहिता येणार नाही. मला हलकं वाटलं. आता त्या बाईसमोर बसून तिच्या हातचा चहा प्यावा लागणार नाही, असं वाटलं... हे वाटणं क्षणभराचंच होतं, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. दुपारी गुडगावला जायला टॅक्सीत बसले तरी ते गेलेलं नव्हतं.

मंगलावहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून लग्न होऊन ती थेट दिल्लीला, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आली. दादा मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होता, आणि मी कॉलेजात. आम्ही मूळचे पुण्याचे, आणि दिल्लीत राहून ते पुणेपण आम्ही जरा जास्तच जपत होतो. ही आली आणि पहिल्याच सकाळी म्हणाली, "मी चहा ठेवून राहिली, तुमाले किती साखर?" मी खो खो हसले. त्यानंतर वर्षभर मी तिची नक्कल करत होते. महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवाला, पंधरा-वीस बायकांसमोर, ती सतरंजीवर बसलेली असताना मी तिच्यासारखं बोलून दाखवलं. सगळ्या हसल्या, तीही हसली. पण त्या दिवसानंतर वहिनी आमच्यासारखं बोलायला शिकली. इतकं नीट, इतकं मोजून मापून, की तिच्या तोंडून वऱ्हाडी मी पुन्हा फक्त एकदाच ऐकलं. मी तिला 'तू' म्हणायची. ती वयानं मोठी असून मला 'शोभावन्सं' आणि 'तुम्ही'. हे तसंच राहिलं, आणि तसं राहावं यात मला सुख होतं.

नव्वदीच्या सुरुवातीला सगळंच बदलायला लागलं. दादानं सरकारी नोकरी सोडली आणि गुडगावच्या एका खासगी कंपनीत गेला. तेव्हा गुडगाव म्हणजे मोहरीच्या शेतांत मध्येच उभ्या राहिलेल्या उंच इमारती. पाणी टँकरनं, वीज जनरेटरवर, आणि लिफ्ट चालली तर चालली. सहाव्या मजल्यावरचा तो फ्लॅट वहिनीनं एकटीनं लावला. दादा टाय लावून जायचा, रात्री उशिरा यायचा, कंपनीच्या कामानं सिंगापूरला जायचा. तोवर केतकी झालेली होती, शाळेत जात होती. तिकडे गेल्यावर तीनेक वर्षांनी राखी बांधायला मी गेले तेव्हा वहिनी पुऱ्या तळत होती, आणि दादानं मला बाल्कनीत बोलावून दार लावून घेतलं.

"माझ्या ऑफिसात एक जण आहे," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली. मी तिच्याबरोबर राहणार आहे, शोभा. मंगलाला सांगायचंय."

"मग सांग ना."

"इथे नको. ह्या फ्लॅटच्या भिंती एवढ्या पातळ आहेत, की शेजारचा कुकर ऐकू येतो. ती रडली-ओरडली तर सोसायटीभर होईल. ऑक्टोबरमध्ये आम्ही पुरीला जातोय. समुद्र बघायचा म्हणून किती वर्षं मागे लागलीय. तिथे सांगतो. तू बरोबर ये. तिला सांभाळायला कुणीतरी बाई माणूस पाहिजे."

मी काय म्हणायला हवं होतं ते आज मला चांगलं कळतं. तेव्हा मी म्हणाले, "ह्यांना फॅक्टरीतून सुट्टी मिळणार नाही, पण मी येईन." आत जाऊन पुऱ्या खाल्ल्या. वहिनीनं विचारलं, काय एवढं गुपित चाललं होतं भावाबहिणीचं? मी म्हटलं, "तुझीच तक्रार करत होता." आणि हसले. खरं सांगायचं तर मला वाईट वाटलेलं नव्हतं. हिला शेवटी तिची जागा कळणार, असं काहीतरी वाटलं होतं.

दसरा झाल्यावर आम्ही चौघं निघालो. दादा, वहिनी, आठ वर्षांची केतकी आणि मी. गाडीत मी वहिनीला खिडकीची जागा दिली. तिच्यासाठी मासिक घेतलं, स्टेशनावर चहा आणून दिला, तिचं पाठीवरचं पदराचं टोक दारात अडकलं ते मी उठून सोडवलं. माहीत असलेली गोष्ट पोटात ठेवून माणूस किती गोड वागू शकतं, हे मला त्या प्रवासात कळलं.

पुरीला पोचलो तेव्हा पावसाळा नुकता सरलेला होता, आभाळ धुऊन वाळत घातल्यासारखं. दुर्गापूजेच्या सुट्टीत आलेली बंगाली कुटुंबं किनाऱ्यावर गर्दी करून होती. उकाडा असूनही म्हाताऱ्यांच्या डोक्याला मफलर बांधलेले. शंखशिंपल्यांच्या टोपल्या, खाजा मिठाईची दुकानं, मोत्यांच्या माळा घेऊन मागे लागणारे विक्रेते. वहिनीनं सामान हॉटेलात टाकलं आणि तशीच चालत सुटली. वाळूवर पोचल्यावर चपला हातात घेतल्या, दहा पावलं पुढे गेली आणि थांबली. "अगं माय वं... केवढं पाणी हे बाप्पा!" मोठ्यानं म्हणाली. दादानं इकडेतिकडे बघितलं. एरवी मी हसले असते, तेव्हा हसले नाही. म्हणाले, "वहिनी, किती छान दिसतेयस तू इथे." तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं.

तिथे समुद्रात नेणारे नुलिया असतात, डोक्याला वेताच्या उंच निमुळत्या टोप्या घालणारे कोळी. एका वयस्कर नुलियाचा हात धरून वहिनी नऊवारी खोचावी तशी पाचवारी खोचून पाण्यात उतरली. लाट आली की किंचाळायची, पडायची, उठून हसायची. तीस-पस्तिशीतली बाई, पण केतकीपेक्षा लहान झाली होती. दोन दिवस ती सकाळ-संध्याकाळ पाण्यातच होती. मी तिचे केस पुसून दिले. शिंपल्यांची माळ घेऊन दिली. जेवताना तिला आवडली म्हणून टोमॅटोची चटणी पुन्हा मागवली. दादा दर वेळी माझ्याकडे बघायचा आणि मी मानेनंच 'अजून नको' म्हणायचे. म्हणजे वेळ मी ठरवत होते. त्यानं सांगायचं होतं, पण कधी, हे माझ्या हातात होतं.

तिसऱ्या दिवशी नाश्ता झाल्यावर मी मान हलवली. केतकीला म्हटलं, चल, उंटावर बसू या. उंट किनाऱ्यानं डुलत चालला होता. केतकी पुढे, मी मागे, आणि मी मान वळवून वळवून पाहत होते. दोघं वाळूत बसलेली. दादा बोलत होता, हातानं वाळूत रेघा ओढत. ती समुद्राकडे पाहत होती. पाच मिनिटं लागली असतील, फार तर सात. मग ती उठली, साडीची वाळू झटकली, निऱ्या कमरेला खोचल्या आणि सरळ चालत गेली. त्या नुलियाला हाक मारली, त्याचा हात धरला आणि पाण्यात शिरली. तासभर बाहेर आली नाही.

दादा माझ्याकडे आला. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण सुटलेला होता. "झालं," म्हणाला. "काहीच बोलली नाही गं. आपण उगाच एवढे घाबरत होतो." मग त्यानं नारळपाणी घेतलं, मला दिलं, स्वतः प्यायला.

परतीचं आरक्षण पाचव्या दिवसाचं होतं. पुढचे दोन दिवस आम्ही चौघं त्याच दोन खोल्यांत राहिलो. वहिनी केतकीला घेऊन माझ्या खोलीत झोपायला आली, एवढाच फरक. ती रडली नाही, मला काही विचारलं नाही. देवळात गेली, कोणार्कला गेली, गाइडला प्रश्न विचारले. सूर्यमंदिरासमोर दादाला म्हणाली, "आमचा एक फोटो काढा. तुम्हीही या, शोभावन्सं." त्या फोटोत ती आणि केतकी हसताहेत. मी कॅमेऱ्याकडे बघत नाहीये.

दिल्लीला आल्यावर महिन्याभरात दादा दुसरीकडे राहायला गेला. वहिनीनं सह्या मागितल्या तिथे केल्या. फ्लॅट तिच्याकडे राहिला. आजूबाजूच्या इमारतींत नवराबायको दोघंही नोकरी करणारी जोडपी येत होती. वहिनीनं घरात पाळणाघर सुरू केलं आणि ते पंचवीसेक वर्षं चालवलं. पंजाबी, तमिळ, बंगाली पोरं तिच्याकडे 'आजी, भूक' आणि 'आजी, शी' असं मराठीत सांगायची. मी महिन्यातून एका रविवारी जायची. का जायची? ती कधीतरी विचारेल म्हणून. विचारलं तर मी काय उत्तर देईन याची कितीदा तरी तालीम केली होती. ती चहा करायची, पोहे करायची, माझ्या गुडघ्यांची चौकशी करायची. विचारायची नाही. दादा वारला तेव्हा मी तिला फोन केला. ती म्हणाली, "बरं... पोरांना झोपवतेय आत्ता, नंतर बोलते." नंतर बोलली नाही.

ह्या जुलैत तिला हॉस्पिटलात ठेवलं. पोटाचं दुखणं होतं, फार पुढे गेलेलं. केतकी बंगळुरूहून येऊन राहिली होती. एका दुपारी ती जेवायला खाली गेली आणि खोलीत आम्ही दोघीच उरलो. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

"वहिनी, पुरीला जायच्या आधीपासून मला माहीत होतं. राखीच्या दिवशीच दादानं सांगितलं होतं."

"हो," ती म्हणाली.

"हो म्हणजे?"

"म्हणजे मला माहीत आहे. गाडीतच कळलं. तुम्ही मला खिडकीची जागा दिली." ती थांबली, श्वास घेतला. "बारा वर्षांत एकदाही तुम्ही माझ्याशी गोड बोलला नव्हता. मनात म्हटलं, माझं काहीतरी मोठं वाईट होणार आहे, आणि ह्या बाईला ते ठाऊक आहे. काय ते कळत नव्हतं. म्हटलं, सांगतील तोवर समुद्र तरी बघून घ्यावा."

मी तिचा हात धरायला गेले. तिनं तो काढून घेतला नाही, पण माझा धरलाही नाही.

"मग इतक्या वर्षांत बोलली का नाहीस? एकदा तरी?"

"बोलले असते तर तुम्ही माफी मागितली असती. मग मला माफ करावं लागलं असतं." तिनं डोळे मिटले. "मला करायचं नव्हतं."

"आणि आता?"

"आताही नाही."

खाली गाड्यांचे हॉर्न वाजत होते. मग डोळे न उघडता ती म्हणाली, "ती उशी जरा वर कर." उभ्या आयुष्यात पहिल्यांदा ती मला 'तू' म्हणाली. मी उशी वर केली. केतकी आली. आमचं पुन्हा काही बोलणं झालं नाही, आणि नवव्या दिवशी तो फोन आला.

गेले काही आठवडे केतकी फ्लॅट आवरते आहे. मीही जाते. मागच्या रविवारी म्हणाली, "आत्या, थोड्या अस्थी मी ठेवल्यात. दसऱ्यानंतर पुरीला जाऊ या का? तूही चल ना, यार. आई इतकी हसलेली मी परत कधीच पाहिली नाही. मी उंटावर बसले होते, ती पाण्यात होती... बिल्कुल कालची गोष्ट वाटते." तिला तेवढंच माहीत आहे. बाबांना दुसरीकडे राहायचं होतं, ह्यापलीकडे वहिनीनं तिला कधी काही सांगितलं नाही. ती सकाळ लेकीसाठी तिनं तशीच धड ठेवली. मी "जाऊ" म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते!

केतकीला मराठी वाचता येतं, पण हळू, अक्षर लावत. शब्द अडला की आईला फोन करायची तिची सवय होती. आता तो फोन मला येतो. परवा स्वयंपाकघरातून आला. वहिनीच्या डब्यांवर तिच्या हातच्या चिठ्ठ्या आहेत, आणि केतकी एकेक डबा उघडण्याआधी वाचून विचारत होती. "आत्या, सांडगे म्हणजे? भरडा म्हणजे? हे काय लिहिलंय, मे-त-कूट?" मी सांगत गेले. पलीकडून झाकणं उघडल्याचा आवाज येत होता, आणि दर झाकणानंतर ती जरा वेळ गप्प राहायची. वास घेत असावी. सगळे डबे झाल्यावर म्हणाली, "तू आईवर लिहितेयस ना? छापून आलं की मी वाचणार. नाही समजलं तर तुला विचारेन."

मी म्हटलं, विचार. आणि पुरीची तिकिटं आत्ताच काढू नकोस, आधी लेख वाच.