पुठ्ठ्यावर टाइप केलेलं पत्र

भूत, करणी, उतारा — यातलं काहीही मी मानत नाही. उधन्याच्या चौकात अमावास्येला ठेवलेलं लिंबू उचलून मी चहात पिळून प्यायलोय, आणि तक्रार एवढीच की लिंबू सुकं होतं. मला ओळखणारे सांगतील, हा माणूस मांजराचा वाघ करतो. करतो! पण आज वाघाचं मांजर करून सांगतोय, तेवढं लक्षात असू द्या...

नव्वदच्या दशकाचा मधला काळ. सुरतेत, उधन्याला, एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात मी वाणिज्य आणि कॉम्प्युटर शिकवायचो. वर्गात बहुतेक पोरं खानदेशी लूम-कामगारांची. भिंतीला लागूनच लूमचे कारखाने, त्यामुळे फळ्यावर लिहिलेली अक्षरंसुद्धा थरथरायची. मी हंगामी — म्हणजे दर जूनला मोठ्या सरांपुढे, आमच्या मुख्याध्यापकांपुढे, हात जोडायचे आणि पुन्हा लागायचं. कॉम्प्युटरचं माझं ज्ञान पंधरा दिवसांच्या क्लासचं, पण बोलायचो असं की तो मीच शोधलाय.

पलसाण्याच्या एका डाइंग मिलच्या शेठनं शाळेला कॉम्प्युटर आणि प्रिंटर दान दिला. साठ पोरं, एक मशीन! मोठ्या सरांनी त्याला मरून मखमलीचं झाकण शिवून घेतलं आणि खोलीबाहेर चपला काढायची पाटी लावली. दसऱ्याला पूजा. मशीनला हळदकुंकू, झेंडूचा हार, आणि नारळ फोडायचा मान माझा. मी हौशी माणूस... टेबलाच्या कडेवरच आपटला. पाणी सगळं कीबोर्डच्या पोटात.

दुसऱ्या दिवशी गुपचूप लावून पाहिलं. चालू केलं की टायपिंगचा प्रोग्राम आपोआप उघडायचा, तसा उघडला. पण एकही अक्षर उमटेना. खरं सांगितलं असतं तर जूनमध्ये कुणी मला फाटकातसुद्धा घेतलं नसतं. मी मोठ्या सरांना म्हणालो, "सर, पोरं मशीन बिघडवतील. आधी पुठ्ठ्यावर हात बसू दे. वर्षभर तरी."

"वा! याला म्हणतात जबाबदारी," ते म्हणाले. खोलीला कुलूप लागलं आणि किल्ली माझ्याच हातात आली.

साड्यांच्या खोक्यांचे पुठ्ठे — सुरतेत त्यांना काय तोटा! प्रत्येकानं त्यावर कीबोर्ड आखला. मी ओरडायचो, "ए एस डी एफ!" आणि साठ जण बोटं आपटायचे. नजर कागदावर, बोटांकडे नाही, पडद्याकडे तर नाहीच — हा माझा नियम. पडदा होता कुठे म्हणा.

दहावीत मंगल नावाची मुलगी होती. डाव्या हाताची करंगळी लहानपणी बॉबिनच्या मशीनमध्ये चेपलेली, त्यामुळे तिचं बोट 'ए'ऐवजी शेजारच्या 'एस'वर पडायचं. मी रोज टोकायचो. एकदा तिनं विचारलं, "सर, पुठ्ठ्यावर टाइप केलेलं जातं कुठं?"

"थेट मशीनमध्ये!" मी म्हणालो. "बिनतारी! मखमलीखाली सगळं साठतंय. एक अक्षर वाया जात नाही."

वर्ग खिदळला. मंगल हसली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती पुठ्ठा ओढणीत गुंडाळून आणायला लागली.

सराव सगळा एकाच इंग्रजी पत्राचा. तक्रारपत्र. आलेला माल मुळातच खराब होता, जबाबदार कोण ते कळवावे. 'प्रति'पुढची जागा कोरी, नाव ज्याचं त्यानं घालायचं. "आणि तक्रारपत्राला उलट टपाली उत्तर द्यायचं," मी शिकवायचो. "जो देत नाही तो व्यापारी नव्हे, चोर!" पोरं एका सुरात म्हणायची, "चोर!"

बोर्डाची परीक्षा संपली आणि शेठच्या ऑफिसला टायपिस्ट मुलगी हवी झाली. मॅनेजर शाळेत येऊन चाचणी घेणार — दान दिलेल्या मशीनवर. मी मंगलचं नाव दिलं. नावं द्यायला कीबोर्ड लागत नाही.

तिचा बाप लूमवरून थेट फाटकापाशी आला, केसांत धाग्यांची पिंज. "मास्तर, नोकरी लागनी ते पोरले सुरतलेच ठेवसू. नही ते वैशाखमा लगीन."

"लागली समजा," मी म्हणालो.

पंधरा दिवस हातात होते. नवा कीबोर्ड आणता आला असता, मोठ्या सरांचे पाय धरता आले असते. मी काय केलं? मॅनेजर येणारच नाही, अशी आशा केली.

तो आला. मंगल धुतलेला युनिफॉर्म घालून आली, दाराशी चपला काढल्या, मशीनला हात लावून नमस्कार केला. वर्षभरात पहिल्यांदाच ती त्याच्यासमोर बसत होती. मॅनेजर, मोठे सर, मी — तिघेही मागे उभे. मी म्हणालो, "सुरू!"

काय टाइप केलं हो तिनं! शेजारच्या लूमनं लाजावं असा ठेका. करंगळी बरोब्बर 'ए'वर. नजर कागदावर — शिकवलं तसंच. पहिल्या ओळीपासून शेवटच्या टिंबापर्यंत एकदाही मान वर केली नाही. मग केली.

"माटसाब, आ तो कोरुं छे," मॅनेजर कोऱ्या पडद्याकडे बोट करून म्हणाला.

मोठ्या सरांनी माझ्याकडे पाहिलं. मशीनवर शंका म्हणजे शेठच्या दानावर शंका. मी म्हणालो, "घाबरली असेल."

"सर, मी टाइप केलंय," मंगल म्हणाली. "पूर्ण."

"बाळ, केलं असतं तर दिसलं असतं," मोठे सर म्हणाले. मी मखमल घडी करत राहिलो. चांगल्या तीन घड्या घातल्या.

वैशाखात तिचं लग्न झालं, दोंडाईच्याजवळच्या एका गावात. पत्रिका शाळेच्या पत्त्यावर, माझ्या नावानं आली. मी गेलो नाही.

त्याच सुट्टीत शाळेला रंग द्यायचा होता, म्हणून भर दुपारी मी मशीन गुंडाळायला गेलो. लाईट गेलेली, शेजारचे लूमसुद्धा गप्प. प्रिंटरची वायर काढून मी हातात धरली होती... आणि प्रिंटर सुरू झाला.

करकर... करकर... हातातल्या प्लगकडे मी पाहिलं. प्लग हातातच होता. सलग कागद खोक्यातून चढत होता आणि छापून माझ्या पायांवर उतरत होता. आधी नुसतं ए एस डी एफ. ओळीच्या ओळी, आणि 'ए'च्या जागी सगळीकडे 'एस'! मग दहांत एखादा 'ए' बरोबर. मग निम्मे. मग ते पत्र — चुकलेलं, पुन्हा चुकलेलं, कमी चुकलेलं... दसऱ्यापासूनचा सगळा पुठ्ठा. मी एरवी अशा ठिकाणी कागद गुडघ्यापर्यंत आणला असता. घोट्यापर्यंतच होता.

"अहो, कागद कशाला नासताय?" मोठे सर ऑफिसातून ओरडले. म्हणजे आवाज त्यांनीही ऐकला.

ते येईपर्यंत शेवटचं पान मी फाडून खिशात कोंबलं होतं. बाकीचा ढीग पाहून ते खूश झाले. "बघा! मशीन उत्तम आहे. पोरगीच कच्ची होती." त्यातली दोन निवडक पानं फ्रेममध्ये बसली, खाली पाटी — 'आमचे संगणक शिक्षण'. लाईट कधी आली, ते त्यांनी विचारलं नाही.

जूनमध्ये मी हात जोडले नाहीत. जाण्याआधी एका रिपेअरवाल्याकडून कीबोर्ड तेवढा उघडवून घेतला. आत मुंग्यांचं वारूळ आणि वाळलेलं कुंकू. "माटसाब," तो म्हणाला, "आमांथी तो एक अक्षर न नीकळे."

मग ते कुठून निघालं? मी वायरमनला विचारलं, इंजिनिअर झालेल्या जुन्या विद्यार्थ्यांना विचारलं. "सर, तुमच्या गोष्टी!" म्हणून हसतात. थापाड्याला हीच शिक्षा असते.

शेवटचं पान अजून माझ्याकडे आहे. एकही चूक नाही. आलेला माल मुळातच खराब होता, जबाबदार कोण ते कळवावे. 'प्रति'पुढे माझं नाव आहे, आडनावासकट. नारळाचं मी तिला कधीच सांगितलं नव्हतं.

पत्रिकेवर तिच्या सासरचा पत्ता होता, तोही जपून ठेवलाय. इतकी वर्षं झाली, उत्तर दिलेलं नाही. न देणाऱ्याला काय म्हणायचं, ते मीच साठ पोरांकडून पाठ करून घेतलं होतं.