उघड्या दारावरची नोटीस

परळची आमची चाळ पाडून तिथे टॉवर झाला आणि सगळ्यांची दारं बंद राहू लागली. घरपट्टी बाबा भरायचे. ते गेल्यावर माझ्याकडून ती राहूनच गेली, आणि एका सकाळी वॉर्ड ऑफिसचा माणूस थकबाकीची नोटीस चिकटवायला आला.

पन्नाशी उलटलेला, खांद्याला रेक्झिनची बॅग. त्याने आधी दाराबाहेर चपला काढल्या. वसुलीला आलेला माणूस चपला काढतो, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. मग तळहाताने दार पुसलं, डिंक लावून कागद अगदी सरळ बसवला आणि पुराव्यासाठी मोबाइलवर फोटो काढला.

"समोरचे वाचतील हो," मी हळूच म्हणाले.

"मग दार उघडं ठेवा ना, ताई. आत ढकललं की कागद भिंतीकडे जातो. आमच्या लालबागच्या चाळीत झोपायच्या वेळीच काय ती दारं लागायची. कुणाच्या दारावर काय चिकटवलंय, कुणाला दिसायचं?"

पाणी पिऊन तो गेला. मी दार सताड उघडं ठेवलं.

चारच्या सुमाराला समोरच्या बाई डोकावल्या. चार वर्षांचा शेजार, पण आमचं बोलणं लिफ्टपुरतंच. "दार उघडं दिसलं, म्हटलं बघावं," असं म्हणत आत येऊन बसल्या. आम्ही चहा घेतला.

थकबाकी मी दुसऱ्याच दिवशी भरली. नोटीस मात्र अजून काढलेली नाही. ती आहे तोवर दार उघडं राहतं.