चहाआधी मागे बघणारे सर

"साहेबाची मान अवघडली का हो?"

घनसावंगीकडून आलेला एक बियाणे विक्रेता ऑफिसच्या बाकावर बसून चहा देणाऱ्या गफ्फारभाईंना हळूच विचारत होता. माझं टेबल जवळच असल्यामुळे मला ऐकू आलं. समोर आमचे डिस्पॅचचे सर चहा घेत होते. कप हातात घेण्याआधी त्यांनी डाव्या खांद्यावरून मागे पाहिलं, मग उजव्या खांद्यावरून पाहिलं, आणि मगच हात पुढे केला.

"मान एकदम बराबर हाय," गफ्फारभाई म्हणाले. "ते फुटबॉलर हाईत. मागून कोन येऊन राह्यलं का, ते बघतेत."

विक्रेत्याने वळून मागे पाहिलं. मागे मी होते. मी लगेच संगणकात डोकं घातलं.

नवीन जालन्यातल्या आमच्या बियाणे कंपनीत सरांचं टेबल पुढे आणि माझं त्यांच्या बरोबर मागे. मी इंग्रजी पत्रव्यवहार बघते, म्हणजे दिवसभर कुणाशी न बोलता काम होतं, आणि ते मला सोयीचं आहे. त्यामुळे सरांचा चेहरा मला जेवढा माहीत आहे, त्याहून त्यांची पाठ जास्त माहीत आहे. फोन उचलताना, चलनावर सही करताना, जिन्यावरून उतरताना, एवढंच काय, लग्नाच्या पंगतीत पानात भात पडण्याआधीसुद्धा ते आधी दोन्ही खांद्यांवरून मागे बघायचे. तुम्हीही त्यांना चार दिवस पाहिलं असतं, तर पाचव्या दिवशी तुमचीही मान वळली असती. आमच्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांची वळायला लागली होती.

ते मूळचे कुंभार पिंपळगावचे. गावात फुटबॉल आला तो शाळेतल्या एका हौशी मास्तरांमुळे, आणि खेळायला जागा म्हणजे आठवडी बाजार उठल्यावर उरलेली मोकळी जमीन. तिथे जनावरं मोकळीच फिरायची.

"माझा पहिला डिफेंडर बैल होता," सर सांगायचे. "पास यायच्या आधी बघावंच लागायचं. न्हाई बघितलं की शिंग. मंग ती सवय लागली ती लागलीच. पुढं पुण्याच्या क्रीडा वसतिगृहात निवड झाली, तव्हा तिथले कोच म्हणले, हे बघणं कोणी शिकवलं रे तुला? म्या म्हणलं, बैलानं."

वसतिगृहातून ते गोव्याच्या एका क्लबात गेले, तिथून कोलकात्याला, मग पुन्हा गोव्याला. तरुणपण सगळं त्यात गेलं. जागा एकच, मधली. पण हे जालन्यात कुणाला समजावून सांगणं सोपं नव्हतं. ऑफिसात येणारा प्रत्येक माणूस एकच प्रश्न विचारायचा, "गोल किती मारले?"

"मी गोल मारत न्हाई. गोल मारणाऱ्याकडं ज्यानं पास दिला ना, त्याच्याकडं पास द्यायचं काम माझं."

समोरच्याच्या चेहऱ्यावर थोडी निराशा यायची. सरांना त्याची मजा वाटायची. "डिस्पॅचमध्ये तेच करून राह्यलो की," ते म्हणायचे. "प्लांटकडून माल घ्यायचा, बघायचा कोणता रस्ता मोकळा हाय, आन् सोडायचा. पेरणी दुसऱ्यानंच करायची."

त्यांचा एक सामना टीव्हीवर दाखवला, तेव्हा म्हणे अर्धं गाव त्यांच्या घरी गोळा झालं होतं. रात्री आईंचा फोन आला. "दिसलास की गेलास. दिसलास की गेलास. एवढी घाई कशाची हाय रे तुला? जरा उभा राहत जा कॅमेऱ्यासमोर." दुसऱ्या दिवशी त्यांनी ही गोष्ट क्लबात सांगितली. त्यानंतर त्यांनी चेंडू जरा जास्त वेळ पायात ठेवला की कोच बाहेरून ओरडायचे, "आई को दिखा रहा है क्या?"

आमच्या ऑफिसात दरवर्षी हिवाळ्यात एमआयडीसीतल्या लोखंडाच्या कारखान्याशी क्रिकेटचा सामना व्हायचा. सर आले आणि त्याचा फुटबॉल झाला. सात-सात जणांचा. प्लांटच्या मागच्या मोकळ्या जागेवर रोज संध्याकाळी सराव सुरू झाला. गोलपोस्टला दोन्हीकडे बियाण्याच्या रिकाम्या पोत्यांच्या थप्प्या. मला सरांनी गोलकीपर केलं.

"मला येत नाही, सर," मी म्हणाले.

"पळायचं न्हाई, ताई. नुसतं बघायचं आन् ओरडायचं. तुम्ही बघता लई चांगलं, मला ठाऊक हाय."

"मी ओरडत नाही."

"ते बघू मंग," ते म्हणाले आणि मला हातमोजे दिले.

ओरडण्याचं काय आहे, तर फुटबॉलमध्ये ज्याच्याकडे चेंडू येतोय त्याच्या मागून कुणी धावत आलं, तर आपल्या माणसाने ओरडून सांगायचं असतं. सरांनी हे वेगवेगळ्या भाषांत ऐकलं होतं. गोव्यात 'फाटल्यान!', कोलकात्यात 'पेछोने!', ईशान्येकडची मुलं 'मॅन ऑन!' आणि गावच्या बाजारात 'मागं!'. "इतके मुलूख फिरलो, पर शिकलो एकच शब्द," ते म्हणायचे.

पण तो एक शब्द आमच्या ऑफिसातून बाहेर निघेना. कारण आमची बोलण्याची पद्धत. पहिल्याच दिवशी सरांकडे चेंडू आला, मागून गफ्फारभाई धावले, आणि अकाउंट्सचे जोशीकाका ओरडले, "अहो सर, जरा मागे बघता का, गफ्फारभाई येतायत बरं का!"

तोवर गफ्फारभाई चेंडू घेऊन पार दुसऱ्या टोकाला पोचले होते. सर हसता हसता खाली मातीत बसले.

"जोशीसाहेब, तेवढ्यात तर त्यो गोल मारून आन् चहा वाटून आल्ता!"

मॅनेजरसाहेबांची अवस्था त्याहून वाईट. त्यांचा चेंडू रोज जायचा, कारण मॅनेजरवर ओरडणार कोण? शेवटी सरांनी नियम केला. मैदानात सर नाही, साहेब नाही, मॅडम नाही, अहो नाही. नुसतं 'ए, मागं!' म्हणायचं. जो 'सर' म्हणेल त्याने मैदानाला एक चक्कर मारायची. पहिल्या आठवड्यात आमचा सगळा सराव चकरा मारण्यातच गेला. जोशीकाका तर चक्कर सुरू करण्याआधीही म्हणायचे, "सॉरी सर," आणि दोन मारायचे.

मला एकही चक्कर पडली नाही. मी काही बोललेच नव्हते.

एका संध्याकाळी सरांचा चेंडू मागून आलेल्या कुणीतरी हिसकावून घेतला. सराव संपल्यावर चहा घेताना ते माझ्याजवळ आले.

"ताई, त्यो उजवीकडून येत होता, ते तुम्हाला दिसलं का न्हाई?"

"दिसलं."

"मंग?"

"मला वाटलं, तुम्ही पाहिलं असेल. तुम्ही नेहमीच बघता."

सर बाजूच्या पोत्यावर बसले आणि उजवा गुडघा चोळत म्हणाले, "हे वाक्य म्या एकदा ऐकलंय."

तो त्यांचा शेवटचा मोसम होता, शेवटचा आहे हे तेव्हा माहीत नव्हतं. चेंडू उंच आला होता. "चेंडू जमिनीवर असला ना ताई, की मान फिरते. आभाळात असला की मान वरच अडकून राहते. तव्हा दुसऱ्याचे डोळे लागतेत." त्यांच्या मागे त्यांचा कित्येक वर्षांचा दोस्त खेळत होता, कोलकात्याचा. त्याने मागून येणारा माणूस पाहिला आणि तो गप्प राहिला. गुडघा गेला. दवाखान्यात तो दोस्त पलंगाशी बसून रडला. "मुझे लगा तूने देखा होगा. तू तो हमेशा देखता है."

"आता कोनावर रागावता?" सर म्हणाले. "माझ्याच चांगल्या सवयीनं घात केला. आजबी दर रविवारी फोन करतो त्यो. म्या उचलला की आधी ओरडतो, पेछोने! मंग हालहवाल."

ते हसले. गफ्फारभाईंनी पुढे केलेला कप घेण्याआधी त्यांनी सवयीने मागे पाहिलं. मागे मीच उभी होते, हातमोजे घातलेली.

त्या वर्षी सामन्याच्या तोंडावर सरांना बोलावणं आलं. दूरच्या राज्यात मुलींची एक निवासी फुटबॉल शाळा आहे, तिथे कोच हवा होता. त्यांचं खेळणं माहीत असलेल्या कुणीतरी नाव सुचवलं होतं. इंग्रजीतली पत्रं मीच लिहून दिली. शाळेची एकच अट होती. मुलींबरोबर पळता आलं पाहिजे, ते येऊन दाखवायचं. सामना रविवारी होता आणि सरांना मंगळवारी तिथे पळून दाखवायचं होतं. डॉक्टर म्हणाले होते, गुडघा चालेल, पण आता एक धक्का बसला की पळणं कायमचं विसरा.

पेढे आणा म्हणून ऑफिस मागे लागलं. "अजून न्हाई," सर म्हणायचे. चलनांवर सही करतानाही त्यांचा पाय टेबलाखाली हलत असायचा. इतके दिवस ते डिस्पॅचमध्ये आनंदाने काम करत होते, पण त्या आठवड्यात मला मागून पहिल्यांदाच त्यांची पाठ ताठ दिसली.

सामन्यात ते खेळणार नाहीत, नुसती शिट्टी वाजवणार, असं ठरलं. वहिनींचा मात्र त्यांच्यावर भरवसा नव्हता. त्यांनी सरांचे बूट घरी कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये घालून स्वतः सामन्याला आल्या. सर चपलेवर आले, गळ्यात शिट्टी.

कारखान्याची पोरं दिवसभर सळया उचलणारी. त्यांच्यात लाल बनियन घातलेला एक थोराड गडी होता, जो पळायला लागला की वाटेतले लोक आपोआप बाजूला व्हायचे. मनाने अगदी सरळ. कुणी पडलं तर उचलून उभं करायचा, अंगावरची माती झटकायचा, "लागलं का भाऊ?" विचारायचा. पण आपण पाडतोय हे त्याला पाडल्यावरच कळायचं.

सामना बरोबरीत होता आणि थोडाच वेळ उरला होता, तेव्हा जोशीकाकांच्या पोटरीत गोळा आला. राखीव खेळाडू आमच्याकडे नव्हता. काका मातीत बसल्या बसल्याच बूट काढायला लागले. सर त्या बुटांकडे बघत होते. मग त्यांनी वहिनींकडे पाहिलं.

"बघू नका माझ्याकडं," वहिनी म्हणाल्या. "बिलकुल न्हाई."

"पाचच मिनिटं. नुसता उभा राहतो."

"आन् शिट्टी कोन वाजवनार?"

"तूच वाजव की! घरी वाजवतीसच."

सगळं मैदान हसलं. वहिनीही हसल्या आणि तिथेच हरल्या. सरांनी शिट्टी त्यांच्या हातात दिली आणि जोशीकाकांचे दोन नंबर मोठे बूट घालून ते मध्ये जाऊन उभे राहिले.

नुसते उभे राहिले नाहीत, हे काय तुम्हाला सांगायला हवं? पहिला चेंडू आला. डावा खांदा, उजवा खांदा, आणि चेंडू गफ्फारभाईंच्या पायात. दुसरा आला. डावा, उजवा, आणि चेंडू मॅनेजरसाहेबांकडे. ते पळत नव्हतेच, चेंडूच पळत होता. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा कसा दिसत असेल आठवडी बाजाराच्या त्या जागेवर, ते मला माझ्या पोत्यांच्या थप्प्यांमधून दिसत होतं.

मग कारखान्याच्या कुणीतरी चेंडू जोरात वर मारला. तो उंच गेला, उन्हात गेला, आणि सरांच्या बरोबर डोक्यावर उतरायला लागला. सरांनी दोन्ही हात पसरले आणि मान वर केली.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला काळजी नको. सर मंगळवारी पळाले. त्यांची निवड झाली. पेढे कुरिअरने आले, आणि जोशीकाकांचे बूटही आले, पॉलिश करून. आता माझ्यासमोरच्या टेबलावर नवीन डिस्पॅचवाले बसतात. चांगले आहेत. चहाचा कप सरळ घेतात. गफ्फारभाई मात्र अजून कप पुढे करून क्षणभर थांबतात, समोरचा मागे बघून घेईल म्हणून. अधूनमधून सर तिकडून व्हिडिओ पाठवतात. सरावाला आलेल्या मुली, पंचवीस-तीस, आणि सगळ्या एकदम ओरडतायत, आपापल्या भाषेत. सर मध्ये उभे, आणि त्यांना कुणीही सर म्हणत नाही.

वहिनी म्हणतात, त्या दिवशी ओरडणं ऐकून लाल बनियनवालासुद्धा दचकला आणि तोल जाऊन पोत्यांच्या थप्पीवर जाऊन आदळला. सर वेळेवर वाकून बाजूला झाले. चेंडू एकटाच जमिनीवर टप्पे खात राहिला. मैदानातले सगळे चेंडू सोडून माझ्याकडे बघत होते. मॅनेजरसाहेबसुद्धा.

मला ते काही आठवत नाही. मला आठवतं ते त्याच्या आधीचं. सरांची वर केलेली मान. त्यांच्या मागून जीव खाऊन धावत येणारं लाल बनियन, तेही वरच बघत. जोशीकाका बूट नसलेल्या पायाने उठून म्हणतायत, "अहो सर, जरा..." आणि मला तो माणूस दिसत होता, स्पष्ट दिसत होता, आणि माझ्या मनात आलं की सरांनी पाहिलं असेल.

आणि मी ओरडले, "ए! मागं!"