वंदना आणि टाकीतलं कासव

भोरच्या शाळेत सातवीचा तास चालू असताना वंदनाच्या थोरल्या भावाचा फोन आला. "वंदी गेली गं," एवढंच बोलला... मी खडू हातात धरून मुलांकडे बघत राहिले. आठ महिन्यांचं आजारपण, डॉक्टरांनी कधीच हात टेकलेले, तरीही ते खरं वाटेना. त्याला आता सहा आठवडे झाले.

किकवीच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. पुढं मी शिक्षिका झाले आणि ती समुद्री प्राण्यांची विष्ठा तपासून त्यांच्या पोटातल्या जिवाणूंचा अभ्यास करायला कोकणात गेली. तिच्या आईला, काकूंना, हे कधीच पटलं नाही. "शेण तर आमी बी काढतो की, त्यासाठी इतकं लांब कशाला?" असं त्या म्हणायच्या आणि वंदना डोळ्यांत पाणी येईतो हसायची.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मी वरंधा घाटातून एसटीनं तिच्याकडे गेले. जाळ्यात अडकून पाय कापलेलं एक हिरवं कासव तेव्हा तिथल्या कासव उपचार केंद्रातल्या टाकीत होतं. समुद्र शंभर पावलांवर, पण टाकीत पाणी यायचं ते गाळून, औषध मारून. खायला काकडी आणि कोबी. वंदना दर आठवड्याला त्याची विष्ठा तपासायची. "शेवाळ पचवणारे जिवाणू याच्या पोटातून चाललेत," ती म्हणाली. "टाकीतले आत येऊन बसलेत. दिसायला तेच आहे गं... पण आतून ते आता समुद्राचं राहिलं नाही."

कच्चं समुद्राचं पाणी आणि ताजं शेवाळ द्यायची परवानगी तिनं मागितली. जखम चिघळेल म्हणून वरिष्ठांनी नाकारली, आणि त्यांची भीतीही खोटी नव्हती. जखम भरल्यावर पोटातले जिवाणू परत आणायला तिनं आणखी दोन महिने मागितले, तेही मिळाले नाहीत. बरं झालंय, सोडा, असं ठरलं. किनाऱ्यावर जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. वंदना मागं उभी होती.

तीन आठवड्यांनी ते कासव मरून किनाऱ्याला लागलं. तिनंच त्याचं पोट उघडलं. संध्याकाळी फोनवर म्हणाली, "शेवाळानं गच्च भरलं होतं गं. सगळं जसंच्या तसं. भरल्या पोटी उपाशी मेलं."

"तू तुझ्याकडून सगळं केलंस," मी म्हटलं.

"त्याचा त्याला काय उपयोग?"



गेल्या वर्षी तिचा प्रकल्प बंद पडला, मागोमाग दुखणं आलं, आणि ती किकवीला परतली. समुद्राचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही.

परवा काकूंकडे गेले. त्यांनी फ्रिजचा बर्फाचा कप्पा उघडून दाखवला. आत बोटाएवढ्या कुप्या, प्रत्येकीवर वंदनाच्या बारीक अक्षरात तारीख. त्या कासवाच्या विष्ठेचे उरलेले नमुने, परतताना तिनं बरोबर आणलेले. काकूंनी फोनवर सांगितल्यावर मी तिच्या जुन्या सहकाऱ्यांना विचारलं होतं, ते कुणालाच नको आहेत. शिवाय मागच्या वादळात गावात दोन दिवस लाईट नव्हती. सगळं केव्हाच वितळून पुन्हा गोठलेलं, तपासणीला निकामी.

"फ्रिजच्या बटनाला कुनाला हात लावू देत न्हाई म्या," काकू म्हणाल्या. "तिचं हाय ना त्यात."

मी कप्प्याचं झाकण हलकेच लावलं आणि म्हटलं, "बरं करता, काकू."