खिशाची गोधडी

कमलाक्का गेल्याचं त्यांच्या सुनेनं फोनवर सांगितलं तेव्हा मी कपाट आवरत होते. हातातल्या टॉवेलची घडी पुरी केली, तो जागेवर ठेवला आणि मग खाली बसले. माझं हे असंच... मीरा, ईशान, तुम्हाला ते ठाऊक आहे. आता महिना उलटून गेला. फोनवर त्यांच्याविषयी नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

अक्का गोधड्या करत. त्या सोलापुरातल्या विणकरांच्या घरातल्या. घरात तेलुगू, बाहेर मराठी. त्यांच्या गोधड्या मोठ्या प्रदर्शनांतून भिंतीवर लागत. त्याचा त्यांना अभिमान होता, आणि तरी "भिंतीला कुठं थंडी वाजते?" असं म्हणून त्या हसतही. आमच्या शिवणमंडळानं त्यांचं व्याख्यान ठेवलं, तेव्हा त्यांनी अट घातली की प्रत्येकीनं आपल्या माणसाचा एक जुना कपडा आणायचा. तुमचे आजोबा जाऊन तेव्हा फार काळ झाला नव्हता. मी त्यांचा पांढरा सदरा धुऊन, इस्त्री करून नेला. अक्कांनी सभागृहाच्या मधोमध एक गोधडी अंथरली आणि आम्हाला खुर्च्यांवरून खाली बोलावलं. कुणी गुडघ्यांची तक्रार केली, तर म्हणाल्या, "कुरकुरू द्या की त्यांना! लांबून गोधडी दिसते, हातात घेतल्यावर कळते." मग एकेकीचा कपडा हातात घेत, त्याची गोष्ट विचारत त्या माझ्यापर्यंत आल्या. सदऱ्याची कॉलर उलटून पाहिली.

"हा त्यांनी कधी घातला होता?"

"नाही... एका लग्नासाठी शिवला होता. राहूनच गेला."

"अय्यो! मग हा शिंप्याचा झाला, त्यांचा कुठं? घातलेला आणा की, बाई."

सगळ्या हसल्या, मलाही हसू आलं. पण घरी येईपर्यंत ते विरून गेलं. घातलेलं काही उरलंच नव्हतं. रीतीप्रमाणे झिजलेले सदरे बोहारणीला देऊन मी स्टीलचं पातेलं घेतलं होतं आणि चांगले तेवढे ठेवले होते. तुम्ही तेव्हा इतके लहान होतात की आजोबा तुम्हाला फोटोतूनच माहीत. त्यांचं काहीतरी तुमच्या अंगाशी असावं असं मला फार वाटत होतं, आणि कपाटात होते ते नुसते कोरे कपडे.

पुढच्या आठवड्यात अक्का चहाला आल्या. माझ्या शिवणयंत्राजवळच्या खिळ्याला एक फडकं लटकत होतं, निळ्या चौकड्यांचं. त्या उठल्या, ते हातात घेऊन उलगडलं. आजोबांच्या रोजच्या सदऱ्याची पुढची बाजू होती ती! खिसा शाबूत, खाली गळक्या पेनाचा डाग. मी रोज त्यानंच यंत्र पुसत होते.

"हे काय, साहेब इथंच आहेत की!" अक्का म्हणाल्या. "धुवा, पण इस्त्री नको हं."

माझ्या जुन्या सुती साड्यांचे थर लावून त्यांनी तुमच्यासाठी गोधडी केली. मधोमध तो निळा तुकडा, आणि खिसा उघडा. पोरांना हात घालायला, म्हणाल्या. मी ती प्लास्टिकमध्ये गुंडाळली, डांबरगोळ्या घातल्या आणि वरच्या फळीवर ठेवली. तुम्ही मोठे झालात की देईन, असं मनाशी धरून.

शेवटच्या भेटीत अक्कांनी ती काढायला लावली. वास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"हिचाही कोरा सदरा करून ठेवलात?"

"पोरं ओढाताण करतील, अक्का. फाटली तर? दुसरं काही नाही हो त्यांचं."

"फाटू दे. शिवायला मी आहे की."

आणि घडी घालायला त्यांनीच घेतली. त्या गेल्यावर मी ती पुन्हा प्लास्टिकमध्ये ठेवली...

अक्कांच्या सुनेचा फोन आला त्या दुपारी मी गोधडी गच्चीवर उन्हात टाकली. वास जाईपर्यंत तिच्याजवळ बसून राहिले. सहज खिशात हात घातला, तर बोटांना पुठ्ठ्याचा तुकडा लागला. त्यावर निळा दोरा गुंडाळलेला, दोऱ्यात सुई टोचलेली. शेवटच्या भेटीत, घडी घालताना ठेवला असणार.

गोधडी या आठवड्यात तुमच्याकडे निघते आहे. आल्या आल्या अंगावर घ्या, भांडा तिच्यासाठी, खाली पाडा. फाटेल तिथं तुम्हीच शिवा, टाके वाकडे आले तरी चालतील. सुई आजोबांच्या खिशात आहे, हात जपून घाला.