ब्रेकबाईंची तडजोड

ब्रेकबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हतं. बावीस वर्षं त्या लोकांना मोटार चालवायला शिकवत होत्या. शिकणाऱ्याच्या शेजारी बसून दिवसातून शंभरदा "ब्रेक!" म्हणून ओरडायच्या, त्यावरून नाव पडलं ते पडलंच. त्यांचा नवरा मोटार शाळेचं ऑफिस सांभाळायचा. "हिच्यासमोर चहासुद्धा जपून ओतावा लागतो," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा.

एका सकाळी अकराच्या सुमारास एक नर्स गाडी शिकत होती. सिग्नल लाल झाला, तिने गाडी अगदी नीट थांबवली. बाई "शाब्बास" म्हणाल्या, तेवढ्यात डावीकडून वळणाऱ्या एका मोठ्या गाडीच्या चालकाचा ताबा सुटला आणि ती थेट बाईंच्या दारात घुसली. नर्सला साधं खरचटलंही नाही. बाईंचा डावा पाय मात्र गुडघ्याखाली कापावा लागला. ती गाडी तिचा मालकच चालवत होता, बांधकामाचा कंत्राटदार. तपासणीत त्याच्या रक्तात मर्यादेच्या तिप्पट दारू निघाली.

आठवड्याभराने तो जामिनावर सुटून फळांची टोपली घेऊन दवाखान्यात आला. खुर्ची ओढून ऐसपैस बसला.

"होऊन जातं हो बाई. मनावर घेऊ नका."

बाईंनी चमकून त्याच्याकडे पाहिलं. हा आवाज, हे वाक्य त्यांनी आधी ऐकलं होतं. सात वर्षांपूर्वी दुसऱ्या जिल्ह्यातल्या कोर्टाने एका माणसाला दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल शिक्षा केली होती आणि वर दहा दिवस त्यांच्या वाहतूक नियमांच्या वर्गात बसायला लावलं होतं. तेव्हा तो बारीक होता, दाढी होती. शेवटच्या बाकावर फोनशी चाळा करत बसायचा. बाईंनी खडसावलं, तर हसून म्हणायचा, "होऊन जातं हो." त्याच्या प्रमाणपत्रावर सही बाईंचीच होती. त्याला त्या ओळखूही आल्या नाहीत.

बाईंनीही ओळख दिली नाही. तो गेल्यावर टोपली त्यांनी आयाला देऊन टाकली.

चार महिन्यांनी सरकारी वकीलबाईंनी त्यांना बोलावलं. बाई कुबड्या घेऊन गेल्या, सोबत नवरा.

"त्याने तडजोडीचा अर्ज केलाय," वकीलबाई म्हणाल्या. "गुन्हा कबूल करतो, तुम्हाला भरपाई देतो, सहा महिने परवाना जमा करतो. बदल्यात तुरुंगवास नको म्हणतोय. तुमची बाजू ऐकल्याशिवाय हे ठरणार नाही."

"अशी तडजोड कुणालाही मिळते?"

"नाही. याच गुन्ह्यात आधी शिक्षा झाली असेल, तर नाही. तशी झाली नसल्याचं शपथेवर लिहून द्यावं लागतं. इथल्या पोलिसांकडे त्याचं जुनं काही नाही."

"लिहून दिलंय त्याने?"

"पुढच्या सोमवारी देईल. न्यायाधीशांसमोर."

"मग सोमवारी बोलू," बाई म्हणाल्या.

घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याला सात वर्षांपूर्वीच्या फायली काढायला लावल्या. धुळीने त्याला शिंकांवर शिंका आल्या, पण कागद सापडला. त्याला शिक्षा करून वर्गात पाठवणाऱ्या त्या कोर्टाच्या आदेशाची प्रत होती, खाली शिक्का.

नवरा हरखला. "अगं, आत्ताच फोन कर त्यांना!"

"नाही."

"का? आत्ता सांगितलंस तर अर्ज इथल्या इथे बाद होईल."

"अहो, नुसता अर्ज बाद होऊन माझं काय भागणार? शपथ घेऊ दे त्याला."

इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याने ही बायको पाहिली नव्हती. पण त्याने फाईल तिच्या पिशवीत ठेवली.

सोमवारी कंत्राटदार कडक इस्त्रीच्या शर्टात आला. न्यायाधीशांनी बाकीच्यांना बाहेर बसवून आधी एकट्या त्याला विचारलं, कुणी दबाव तर आणला नाही ना? मग सगळ्यांना आत घेतलं.

"अशा गुन्ह्यात पूर्वी शिक्षा झाली आहे?"

"नाही साहेब. आयुष्यात पहिल्यांदाच चूक झाली." त्याने शपथपत्रावर झोकात सही ठोकली.

शाई वाळेपर्यंत बाई थांबल्या. मग कुबडी टेकत उठल्या आणि कागद टेबलावर ठेवला.

"साहेब, हा माझा विद्यार्थी आहे."

कंत्राटदाराने कागद पाहिला, मग बाईंना पाहिलं. आता मात्र ओळख पटली. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. बाईंनी तो चेहरा डोळे भरून बघितला.

दुसऱ्या जिल्ह्यातून नोंद मागवली गेली. अर्ज फेटाळला आणि खटला रीतसर चालला. दोन वर्षं कैद झाली, परवाना कायमचा गेला. खोट्या शपथेचा खटला त्याहून वेगळा.

निकालानंतर वकीलबाईंनी बाईंना कोर्टाच्या जिन्यात गाठलं. "तुम्हाला आधीपासून माहीत होतं. मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही त्याच्या वकिलाला सांगितलं असतं. तो सावध झाला असता."

"सांगावंच लागलं असतं."

"म्हणूनच."

वकीलबाईंना ते आवडलं नाही. त्या तडक खाली उतरून गेल्या. बाईंना त्याचं वाईट वाटलं, पण थोडंच.

घरी येऊन त्या पोटभर जेवल्या आणि दुपारभर गाढ झोपल्या. अपघातानंतर पहिल्यांदाच. उठल्यावर नवऱ्याने चहा पुढे केला.

"आता मन शांत झालं?"

बाईंनी खरंच विचार केला.

"नाही," त्या म्हणाल्या. "पण बरं वाटतंय. फार बरं वाटतंय."