येशूला बोललेला कोंबडा

सकाळी बापाला पुरलं आणि दुपारी थोरली चुलती आमच्या दारात येऊन म्हणाली, "निगा."

मानमोडीचा ताप आमच्या गावात, आंबीत, शिरला होता. रोज कुणीतरी जात होतं. चुलतीचा मुलगा आदल्या दिवशीच गेला होता, म्हणून आज मी तिला दोष देत नाही. त्या दिवशी दिला. बापानं वर्षापूर्वी आम्हा सगळ्यांचा बाप्तिस्मा करून घेतला होता. चुलती आईला म्हणाली, "तुमी देवीला सोडलं आन कोप आमच्यावर झाला. राधे, पोरी घे आन जा कुटं जायचं तितं."

माझी धाकटी बहीण सखू तापात निपचित पडली होती. आईनं तिला खांद्यावर टाकलं आणि लाल कोंबडा माझ्या काखेत दिला. तेवढंच घेऊन आम्ही निघालो. शिवेवर आई थांबली आणि मोठ्यानं बोलली, "येशूबाबा, माजी सखू वाचीव. ह्यो कोंबडा तुला दीन." प्रार्थना बापाला यायची. आईला नवस यायचा.

लोणावळ्याला बापाच्या ओळखीचे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, होते. त्यांनी येशूच्या देवळामागची खोली दिली. आठव्या दिवशी सखू उठून बसली आणि भाकरी मागितली. आईनं त्याच पावली कोंबडा उचलला आणि पाळकांपुढं नेऊन धरला.

पाळक नगरचे, शांत माणूस. म्हणाले, "बाई, येशूला कोंबडा लागत नाही."

"लागत न्हाई म्हंजे? बोललेय मी."

"त्यानं फुकटच दिलंय असं समजा."

"फुकट कोन देतं?"

हसू नका. आईची झोप उडाली. नवस फेडला नाही तर येशू सखूला परत नेईल, ही भीती तिच्या मनातून जाईना. येशू तसा नाही, हे सांगून पाळक थकले. दर रविवारी ती कोंबडा देवळाच्या पायरीशी बांधायची. म्हणायची, "तुमी न्हाई घेत तर त्यो बघंल." कोंबडा नेमका प्रार्थनेत आरवायचा. बायका तोंडाला पदर लावायच्या. शेवटी पाळक म्हणाले, "एखाद्या उपाशी माणसाला खाऊ घाला. ते त्याला पोचतं."

मग आई उपाशी माणूस शोधायला लागली. रेल्वेच्या एका फोरमनकडे ती भांडी घासायची. येता-जाता स्टेशनाबाहेरची माणसं निरखायची. एकही तिला पुरेसा उपाशी वाटेना. कोंबड्यावर तिचा जीव जडला होता, दुसरं काही नाही.

नाताळानंतर चुलती आली. चुलताही गेला होता. ती स्वतः तापातून उठलेली, नुसती हाडं राहिलेली, आंबीहून चालत आलेली. दाराला धरून म्हणाली, "राधे, खायाला दे गं कायतरी."

मी नऊ वर्षांची होते. म्हणाले, "आई, तिला म्हन, निगा."

आईनं माझ्या पाठीत धपाटा घातला, चुलतीला आत घेतलं आणि सुरी शोधायला गेली.

कोंबडा शिजता शिजेना. चुलती चावून चावून दमली. "लय निबर हाय गं."

"येशूचा हाय. गुमान खा."

"तुज्या देवाचे दात बरे असतील बाई."

दोघी अशा हसल्या की सखू घाबरून रडायला लागली. जेवणं झाली आणि आई चुलीपाशीच लवंडली. दिवेलागणीपर्यंत घोरत होती. बाप कायम शांती शांती म्हणायचा. ती कशी असते, ते मी त्या दिवशी पाहिलं.

चुलती परत गेली नाही. बाप्तिस्माही घेतला नाही. पण रविवारी देवळात पुढच्या रांगेत बसायची आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं बेसूर गायची.

तुम्ही गावकरी आंबीलाच राहिलात, तुम्ही विचारता, गावाची आठवण येते का. येते. इंद्रायणीचं पाणी आठवतं, बापाला पुरलं ती जागा आठवते. माझ्यासारखे जे बाहेर पडले ते विचारतात, घर कुठलं म्हणायचं. मी देवळामागची खोली सांगते. आता तिथं सायकली ठेवतात. तरी घर तेच, कारण तिथं दारात आलेल्या बाईला "निगा" म्हटलं नाही.

मानमोडीत बाप, चुलता आणि चुलतीचा मुलगा गेले. आई, चुलती, सखू आणि मी, आम्ही चौघी जगलो.